कोटाच्या आतली लुगडी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मुंबईत कापडगिरणीत फिटर होते आणि युनियनमध्ये होते; ओळख करून देताना ते दुसरी गोष्ट आधी सांगत. मुंबई सोडून इस्रायलला निघालो तेव्हा बरोबरच्या बेने इस्रायल, म्हणजे आमच्या मराठी ज्यू, कुटुंबांनी ट्रंकांतून तांब्याची भांडी आणली, लोणची आणली, कोणी शिवणयंत्र आणलं. बाबांनी एक अख्खी ट्रंक भरून शिल्लक राहिलेली पत्रकं आणली. मोठमोठे ताव, एका बाजूला छापलेले, दुसरी बाजू कोरी. आईने त्यांना याबद्दल कधी माफ केलं नाही, कारण त्या ट्रंकेत तिचा पाटा-वरवंटा बसला असता.

"मी पाट्यावर चटणी तरी वाटली असती," ती म्हणायची. "तुम्ही इथे हे कोणाला वाटणार?"

ते कोणाला वाटले गेले नाहीत. ते माझ्या ताईने कापले. तिच्या शेवटच्या परीक्षेच्या सगळ्या कपड्यांचे नमुने त्या तावांच्या कोऱ्या बाजूवर आखलेले होते. टेबलावर पसरलेली एखादी बाही उलटली की पाठीमागे 'बोनस' असा ठळक शब्द दिसायचा, आणि कोटाच्या पाठीवर 'एकजूट'. बाबा पहिल्यांदा रागावले. मग चष्मा लावून त्यांनी तो पाठीचा तुकडा नीट पाहिला आणि म्हणाले, "शब्द योग्य ठिकाणी आलाय."

आम्ही दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटात, डिमोनाला राहत होतो. तिथे तेव्हा झाडं माझ्या खांद्याएवढी होती आणि वारा रोज होता. आलो त्या दिवशी सरकारकडून लोखंडी खाटा मिळाल्या आणि माणशी एक करडं लोकरीचं ब्लँकेट. बाबांना गिरणीत काम मिळालं. यंत्रं मुंबईचीच, ते म्हणायचे, फक्त शिव्या दुसऱ्या भाषेत. त्याच गिरणीत ताई कापडातले दोष शोधून रफू करायच्या खात्यात लागली. दिवसभर लोकांनी विणलेल्या कापडातल्या चुका बघायच्या. वर्षभर ते केल्यावर तिने जाहीर केलं की आता तिला स्वतःच्या चुका करायच्या आहेत. १९६२ साली सणांच्या सुट्ट्या संपल्यावर ती तेल अवीवच्या एका वेशभूषा विद्यालयात दाखल झाली. दोन वर्षांचा अभ्यास. आठवडाभर ती तिकडे मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि शुक्रवारच्या बसने घरी यायची.

मी तेव्हा शाळेत होते आणि जगातला प्रत्येक अन्याय माझ्या वैयक्तिक ताब्यात आहे अशी माझी खात्री होती. ती अजूनही फारशी बदललेली नाही. ताई मला पत्रकबाई म्हणायची.

"पत्रकबाई, मीठ द्या."

"मीठ कोण बनवतं ठाऊक आहे तुला? मृत समुद्रावर उन्हात उभं राहून..."

"ठाऊक आहे. द्या."

तिच्या शेवटच्या परीक्षेला सहा पोशाखांचा संच करायचा होता. तो सभागृहात, परीक्षक आणि पाहुण्यांपुढे, वर्गातल्याच मुलींनी घालून दाखवायचा. त्यावर दाखला अवलंबून. तिच्या बाई मूळच्या व्हिएन्नाच्या, भर उन्हाळ्यातही पायांत मोजे घालणाऱ्या. ताई भारतातली आहे हे कळल्यापासून त्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. रेशीम, जर, पदर. "केवढा खजिना आहे तुझ्याकडे!" त्या तिला सारखं म्हणायच्या.

ताईने हे घरी सांगितलं तेव्हा आई उठली आणि खरोखरच खजिना घेऊन आली. तिचा लग्नातला शालू. त्याच्याखाली, मलमलीत बांधलेली, तिची रोजची सुती नऊवारी लुगडी. ती नेसणं तिने डिमोनात सोडून दिलं होतं. वाऱ्यात पदर सांभाळायचा की भाजीची पिशवी, असा प्रश्न होता. आता ती फ्रॉक घालायची आणि डोक्याला रुमाल बांधायची.

"घे की शालू," आई म्हणाली. "पडूनच आहे."

"नको आई. त्यांना हत्ती हवाय. मी हत्ती नाही."

"शालू म्हणजे हत्ती?"

"त्यांच्यासाठी हो. मला डिमोनाचे कपडे करायचेत. इथल्या वाऱ्यात घालता येतील असे."

मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी "शाब्बास" म्हटलं. आईने शालूची घडी घातली आणि काही बोलली नाही. आम्ही तिघेही इतके तत्त्वाचे लोक होतो की तिच्या गप्प बसण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

तर डिमोनाचे कपडे. गिरणीतल्या बाईचा अंगरखा, ज्याच्या बाह्या यंत्रात अडकणार नाहीत. घोळाला पट्टी लावून जड केलेला स्कर्ट, बसथांब्यावर उडणार नाही असा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, संचाचा कळस म्हणजे एक लांब कोट. गळ्यापासून पोटरीपर्यंत. तो तिने आम्हाला मिळालेल्या ब्लँकेटांचा केला. पत्र्याच्या टबात रंग कालवून तिने ती उकळली. रंग सगळीकडे सारखा चढला नाही. कुठे गडद, कुठे विटकरी, अरादच्या रस्त्यावरच्या डोंगरांवर संध्याकाळी दिसतो तसा. मला वाटलं बिघडलं. ती म्हणाली, "असंच हवं होतं." खरं बोलत होती की नाही, देव जाणे.

मी त्या संचाबरोबर वाटायला एक पत्रक लिहिलं होतं. आल्या दिवशी मिळालेल्या ब्लँकेटाचा कोट, यात केवढा अर्थ आहे! ताईने ते वाचलं, उलटलं, आणि मागच्या बाजूवर कॉलर आखली.

"मला कपडे करायचेत," ती म्हणाली. "पत्रकं या घरात पुरेशी आहेत."

हा कोट तिच्या वर्गातली एक मुलगी घालणार होती. ती उंच, लांब हातांची, तेल अवीवला लागून असलेल्या धार्मिक वस्तीत वाढलेली. ताईची हिब्रू पहिल्या वर्षी अडखळायची. ही मुलगी तिला वर्गातली टिपणं वाचून दाखवायची, शब्द समजावून सांगायची. तिच्या घरून मंचावर चढायला परवानगी मिळणं अवघड होतं. हात उघडे नकोत, गळा उघडा नको, गुडघा दिसायला नको. अशा अटींत बसणारा संपूर्ण वर्गात एकच पोशाख होता: ताईचा कोट. त्यामुळे कोट तिच्या मापाने कापला होता. दुसऱ्या कोणाही मुलीच्या अंगावर त्याच्या बाह्या बोटांच्या खाली उतरत.

ती एकदा आमच्याकडे जेवायला आली होती. आईने नारळाच्या रसातली कोंबडी केली होती, मुंबईहून कोणीतरी आणलेल्या सुक्या खोबऱ्याची. पांढरी शुभ्र आमटी बघून ती मुलगी थबकली. चमचा हातातच राहिला. मग लाजत, हळू आवाजात तिने ताईला विचारलं की मांसात दूध आहे का; आमच्या धर्मात ती दोन्ही एकत्र चालत नाहीत. माझं डोकं तडकलं. आमच्या घरी, आमच्याच ताटावर बसून, आम्हाला विचारते! मी बोलायला तोंड उघडलं, तोवर आई आत जाऊन खोबऱ्याची वाटी घेऊन आली आणि तिच्यासमोर ठेवली. "कोकोनट," ती मुंबईच्या इंग्रजीत म्हणाली. "नो काऊ." ती मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. दोनदा वाढून घेतलं तिने.

माझं डोकं का तडकलं ते सांगायला हवं. त्याच वर्षांत आमच्या लोकांची लग्नं अडत होती. मुलगा किंवा मुलगी बेने इस्रायल असेल तर आईची आई कोण, तिची आई कोण, असे पुरावे इथल्या धर्मगुरूंच्या कचेरीतून मागितले जात होते. कोकणात घाणे चालवताना ज्यांनी शनवारी घाण्याला हात लावला नाही, ज्यांना गाव शनवारतेली म्हणायचं, त्यांना आता इथे येऊन आम्ही कोण हे सिद्ध करायचं होतं. बाबा सभांना जायचे, रात्रपाळी करून सकाळी पत्रकाचा मजकूर तयार करायचे, मी त्याचं हिब्रू करायची. मला आजही त्या गोष्टीचा राग येतो आणि तो यायलाच हवा. ज्याला येत नाही त्याच्याशी मला काही बोलायचं नाही. पण तो राग माझ्यात इतका काठोकाठ भरलेला होता की कोणी आमच्या दारात चप्पल काढताना इकडेतिकडे बघितलं तरी मला तो पुराव्याचा प्रश्न वाटायचा.

१९६४च्या उन्हाळ्याची सुरुवात होती. परीक्षा पुढच्या आठवड्यावर आलेली. शुक्रवारी दुपारी ताई बसमधून उतरली ती कोट जुन्या चादरीत गुंडाळून, लेकरासारखा छातीशी धरून. चेहरा असा की आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ती कोट घालू शकत नाही," ताई म्हणाली.

झालं होतं ते असं. आतापर्यंतची सगळी मापं पांढऱ्या सुती कापडाच्या कच्च्या कोटावर घेतली होती. खरा कोट त्या मुलीने पहिल्यांदाच हातात घेतला. कोटाच्या छातीवर हात फिरवला, समोरचा भाग दोन बोटांत धरून चोळला. इतका ताठ कसा, म्हणून विचारलं. ताईने अभिमानाने सांगितलं: बाईंनी शिकवल्याप्रमाणे, जुन्या युरोपी पद्धतीने, आत कॅनव्हास घातलाय, अस्सल लिनन. बटणंही लिननच्या मेणकट दोऱ्याने लावली आहेत, तुटणार नाहीत. ती मुलगी पांढरी पडली. बाहेरून लोकर, आतून लिनन. असं वस्त्र धर्माने अंगाला लावायचं नाही. शातनेज म्हणतात त्याला. नुसतं घालून बघायलाही नाही. मग ती रडायला लागली, आणि ताई तिची समजूत घालत बसली.

आई खुर्चीवर बसली. "लिनन म्हणजे काय पण?"

बाबांनी शब्द शोधला. "जवस. जवसाच्या झाडाचा धागा."

"जवसाचं कापड?" आईचा विश्वास बसेना. "जवसाची चटणी करतात. आपण तेली माणसं, जवसाचं तेल काढायचं ठाऊक. कापड कोण काढतं त्याचं?"

हसू नका. यातच सगळं आलं. कोकणात आणि मुंबईत आमच्या माणसांनी किती पिढ्या काय घातलं? सुती. लोकर बघितली ती धनगराच्या घोंगडीत, आणि लिनन बघितलंच नाही. बाबांनी धर्मग्रंथ मराठीत वाचलेला होता, ही आज्ञा त्यात होतीच. पण ज्या हवेत बनियनसुद्धा नकोसं होतं तिथे त्या ओळीवर कोणाची नजर थांबणार? ती आज्ञा आमच्याकडून कधी मोडलीच गेली नाही, म्हणून ती आम्हाला कोणी शिकवलीच नाही. आणि ज्यांना ती लहानपणापासून तोंडपाठ होती, त्यांच्यातल्या कोणालाही ताईला आधी सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण हे कोणाला ठाऊक नसेल असं त्यांच्या मनातही येत नव्हतं.

"बाईंना सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, आत काय आहे ते कोण बघतं, दुसरी मुलगी उभी कर."

एवढं बोलेपर्यंत सूर्य मावळतीला आला. आईने दिवे लावले. शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला आणि सुई, कात्री, दोरा, पेन्सिल, सगळं बंद झालं. कोट बाहेरच्या खोलीत दाराच्या खुंटीवर टांगलेला. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. फक्त बोलता येत होतं. आणि आमच्या घरात बोलायला बंदी असा सण अजून निघालेला नाही.

शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपून आलो आणि बाबांनी आघाडी उघडली.

"दुसरी मुलगी घे. बाह्या दुमड. पण कोट बदलायचा नाही. आज कॅनव्हास काढशील, उद्या म्हणतील आजीचा दाखला काढ."

"बरोबर," मी म्हणाले. "उलट तिथे उभं राहून सांगायला हवं की हो, आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि का ठाऊक नव्हतं!"

बाबांना तेवढंच हवं होतं. हात मागे बांधून येरझाऱ्या घालत ते पत्रक रचू लागले. लिहिता येत नव्हतं, म्हणून मी ऐकून पाठ करायचं. सुरुवात जोरदार होती. कोकणच्या किनाऱ्यापासून नेगेवच्या वाळूपर्यंत आम्ही सुती धाग्याने... तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचलो की पहिलं विसरायला व्हायचं. आई हातपंखा घेऊन बसली होती, मधूनच कोटाकडे बघत होती.

ताई खिडकीत बसलेली. तिथूनच ती म्हणाली, "बाबा, तिने माझ्याकडे दाखला मागितला नाही."

बाबा थांबले.

"तिने कोट मागितला. तिला घालायचा आहे तो. तिच्या आईवडिलांशी भांडून परवानगी आणली तिने, ह्या एका कोटासाठी." मग ती हिब्रूत गेली, नेहमी चिडली की जाते तशी. तिच्यासाठी कापलेला कोट तिलाच घालता येत नसेल तर तो चुकलेला कोट आहे, म्हणाली. चुकलेलं कापड गिरणीत दुरुस्त करतात, त्याचं पत्रक काढत नाहीत.

"म्हणजे शरण जायचं?" मी विचारलं.

"म्हणजे उसवायचं, पत्रकबाई."

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं आता स्फोट होणार. ते वाकून खुंटीवरच्या कोटाकडे बघू लागले. मग म्हणाले, "कॅनव्हास काढला तर पुढचा भाग पडेल. ब्लँकेटच ते. छातीला आधार काय देणार?"

हा मात्र फिटरचा प्रश्न होता. सुती कॅनव्हास तिने तेल अवीवला शोधला होता. मिळाला तो पुठ्ठ्यासारखा, ह्या जड कापडाखाली मोडणारा. मुंबईच्या शिंप्याकडचं, कॉलरीत घालतात ते बकरम असतं तर! घोड्याच्या केसांचं कापड महाग आणि त्यात काय मिसळलेलं असेल त्याचा भरवसा नाही. दिवस उतरायला लागला होता. परीक्षा बुधवारी.

"चार पदर सुती एकावर एक घातले," आई पंखा हलवत म्हणाली, "आणि धावदोरा जवळजवळ घातला, की ते उभं राहतं. गोधडीची कड कशी उभी राहते, बघितली नाहीस?"

आम्ही तिघांनीही माना वळवल्या. आईला वाटलं आपलं काही चुकलं. "नसेल चालत तर राहू दे," ती म्हणाली.

ताई तिच्याकडे बघत होती. "आई, कापड मऊ लागेल. खूप धुतलेलं."

"मऊ!" आई म्हणाली. "मी वापरलेलीच आहेत ती."

आकाशात तारे दिसेपर्यंत थांबायचं असतं. त्या दिवशी ताई गॅलरीत उभी राहून त्यांना जवळजवळ ओढून काढत होती. शब्बाथ संपला तसा आईने मलमलीचा गठ्ठा सोडला. शालू बाजूला ठेवला. खालून लुगडी निघाली, एक हिरवं, एक जांभळं, एक मुळात कुठल्या रंगाचं ते आता सांगता येणार नाही असं. मला ती सगळी माहीत होती. त्यांच्या पदराला मी नाक पुसलं होतं. आईने हिरव्याची घडी उलगडली, कात्री घेतली आणि ताईच्या हातात दिली.

"तूच काप. माझ्याने नाही होणार."

रविवारी सकाळी शेजारच्या दोन मावश्या आल्या, आपापल्या सुया घेऊन. ताई तेल अवीवला गेलीच नाही. जमिनीवर चटई टाकून त्यांनी गोधडीला बसतात तशा मांड्या घातल्या. माझ्याकडे काम आलं उसवण्याचं. जुना कॅनव्हास काढायचा आणि लिननच्या दोऱ्याचा एकही तुकडा कोटात राहता कामा नये. बटणाखालचासुद्धा नाही. मी, जी व्यवस्था मुळापासून उखडायला निघाली होती, हातात चिमटा घेऊन खिडकीजवळ बसले आणि दोऱ्याची कुसळं उखडत राहिले. मान दुखायला लागली. एवढ्या बारकाईने मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

पहिला तुकडा तयार झाला आणि ताईचा चेहरा उतरला. गोधडी सपाट असते. अंथरायची असते ती. कोटाची छाती गोल. सपाट तुकडा आत धरला की लोकर वरून फुगायची, चुण्या पडायच्या.

"उसवा," ताई म्हणाली.

"अगं पण किती छान झालंय," एक मावशी म्हणाली.

"मावशी, छान झालंय. उसवा."

दुसरी मावशी पुटपुटली, "हिच्या सासूचं काही खरं नाही." सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. मग तिने आईला गुडघा उभा करून बसवलं, चारी पदर त्या गुडघ्यावर ताणून घातले, जसे बाळाच्या डोक्यावर टोपडं बसवतात, आणि म्हणाली, "आता इथेच घाल टाके. खाली सपाट ठेवायचंच नाही." वाक गुडघ्याचा, म्हणजे टाक्यालाही वाक. आईने घातला. तुकडा गुडघ्यावरून उचलला तर तो तसाच राहिला, फुगीर, रिकाम्या वाटीसारखा. आई तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होती. आईला स्वतःच्या कामाचं इतकं नवल वाटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि दारातच थांबले. जमिनीवर बायका, लुगड्यांच्या चिंध्या, पत्रकांवर कापलेले नमुने. त्यांनी बूट काढले, एक नमुना उचलला, उलटून वाचला आणि कालचं पत्रक आठवतंय का म्हणून मला विचारलं. मला एक शब्द आठवत नव्हता. "मलाही नाही," ते म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.

बुधवारी आम्ही सगळे तेल अवीवला गेलो. बाबांनी टाय बांधला होता. आईने फ्रॉक नाही घातला. पाचवारी साडी नेसली, कानांत मोत्याच्या कुड्या. पडद्यामागे काय झालं ते ताईने मागाहून सांगितलं. त्या मुलीने कोट हातात घेतला, काही विचारलं नाही. ताईनेच अस्तराची छातीजवळची, मुद्दाम न शिवलेली कड उचलून आत दाखवलं. सुती, सुती, सुती. दोराही सुती. मग तिने हात घातले.

बाईंनीही ते पाहिलं. त्यांचे डोळे चमकले. हिरवा, जांभळा, आणि त्यावर हातटाक्यांच्या ओळी! त्यांना अखेर खजिना सापडला होता. "मंचाच्या मध्यावर पोचलीस की बटणं सोड आणि अस्तर उचलून दोन्ही बाजू उघडून धर," त्यांनी त्या मुलीला सांगितलं. ती ताईकडे बघू लागली. ताई म्हणाली, "नाही. ते आतलं आहे. कोट वाऱ्यासाठी केलाय, वाऱ्यात कोणी उघडत नाही." बाईंनी ओठ आवळले. गुण त्यांच्या हातात होते. ताईला ते ठाऊक होतं. मी तिच्या जागी असते तर भाषण केलं असतं. ती फक्त वरचं बटण लावत राहिली.

सभागृहात भट्टीसारखा उकाडा होता. त्यात ती मुलगी गळ्यापासून पोटरीपर्यंत लोकरीत, ताठ, सावकाश चालत आली. कोट अंगावर असा बसला होता की पुढून येणारा वारा मला दिसला. शपथेवर सांगते, दिसला. समोरचा भाग पडला नाही, फुगला नाही, मोडला नाही. लोक वाकून बघायला लागले.

आणि पुढच्या रांगेतून आई मराठीत, मोठ्याने म्हणाली, "अगं, बटणं तरी सोड!"

बाबांनी तिचा हात दाबला. "आतलं दिसत नाहीये!" ती त्यांना म्हणाली, आणखी मोठ्याने. मंचावरच्या मुलीला एक शब्द कळणं शक्य नव्हतं. पण तिने आवाज ओळखला असावा. तिने चालता चालता मान वळवली, आईला पाहिलं, आणि छातीवर, बरोबर गोधडीच्या जागेवर, हात ठेवला. तसाच ठेवून ती शेवटपर्यंत चालत गेली. बटण एकही सोडलं नाही.

ताईला दाखला मिळाला. पहिला क्रमांक नाही. बाईंनी शेरा दिला की कोटाची बांधणी अपारंपरिक आहे, पण टिकेल. कोणाची परंपरा, हे विचारायला मी निघाले होते. ताईने माझी वेणी धरून मला थांबवलं.

मग तिने तो कोट त्या मुलीला देऊन टाकला. घरी येताना बसमध्ये मी भांडले. आमची ब्लँकेटं, आईची लुगडी, आणि आता आमच्याकडे काय राहिलं?

"तिच्या मापाचा आहे," ताई म्हणाली आणि झोपून गेली.

त्याच उन्हाळ्यात त्या पुराव्यांच्या अटींविरुद्ध आमची माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली, बाबाही गेले, मीही गेले. ते सगळं मी दुसरीकडे लिहिलं आहे आणि अजून लिहीन. हिवाळ्यात एका दुपारी, वारा असा की दारं आपोआप वाजत होती, दारावर टकटक झाली. ती मुलगी होती, कोट घालून, बसथांब्यावरून चालत आलेली, नाक लाल. हातात केकचा डबा होता. आईने दार उघडलं. आत ये म्हणायच्या आधी तिने त्या मुलीची वरची दोन बटणं सोडली, कोटाची बाजू उलटी केली, अस्तराच्या त्या मोकळ्या कडेतून हात घातला आणि बोटांनी एकेक टाका चाचपून पाहिला. ती मुलगी वाऱ्यात हात वर करून उभी राहिली, आईचं होईपर्यंत.

"एकही सुटला नाही," आई आम्हाला म्हणाली. मग तिने बटणं परत लावली आणि तिला आत घेतलं.